कॅमेऱ्याची जागा आणि प्रेक्षकाची बाजू : ‘फँड्री’ व ‘सैराट’ या चित्रपटांच्या संदर्भात

प्रस्तावना

चित्रपट ही मुळात दृश्यकला होय. तरीही मराठीतील चित्रपटविषयक लेखन बहुतांशी कथानक, संवाद, अभिनय आणि गीतसंगीत यांच्याभोवती फिरत राहिले आहे. त्याचे एक कारण असे की, हे लेखन करणारे अनेक अभ्यासक साहित्याच्या क्षेत्रातून आले आणि कादंबरी-नाटकाला लावावयाचे निकष त्यांनी चित्रपटालाही लावले. त्यामुळे चित्रपट काय सांगतो याची भरपूर चर्चा झाली. तो कोठून दाखवतो, हा प्रश्न मात्र तांत्रिक समजून बाजूला ठेवला गेला. छायालेखकाचे कौतुक करायचे झाले तर ‘छायाचित्रण नयनरम्य आहे’ एवढ्या एका वाक्यावर ते आटोपले जाते. वस्तुतः प्रेक्षकाने कोणाकडे पाहावे, किती जवळून पाहावे, किती वेळ पाहावे आणि कोणाच्या शेजारी उभे राहून पाहावे, हे सारे कॅमेरा ठरवीत असतो. प्रेक्षकाचा प्रतिसाद घडविण्यात त्याचा वाटा संवादाइतकाच, कित्येकदा संवादाहून अधिक असतो.

प्रस्तुत लेखात नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ या दोन चित्रपटांच्या आधारे या वाट्याचा विचार केला आहे. ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी आणि ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. पहिल्याचे छायालेखन विक्रम अमलाडी यांचे, तर दुसऱ्याचे सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचे आहे. सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने या चित्रपटांना वेगळे महत्त्व आहे. दिग्दर्शक मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, ‘सैराट’ची नायिका रिंकू राजगुरू ही श्रीपूर ज्या माळशिरस तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील अकलूजची, ‘सैराट’चे बरेचसे चित्रीकरणही करमाळ्याच्या परिसरातच झाले. या भागातील प्रेक्षकाला पडद्यावरची माती, बोली, ऊस, बाभळी आणि विहिरी ओळखीच्या वाटतात. ओळखीचे पडद्यावर दिसण्याचा हा आनंद निरागस नाही. कॅमेरा त्याचा उपयोग करून घेतो, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

मंजुळे यांचा कॅमेरा प्रेक्षकाला प्रथम एक सुखाची, सुरक्षित जागा देतो. त्या जागेची सवय लावतो. आणि निर्णायक क्षणी ती काढून घेतो. या चित्रपटांनी निर्माण केलेली अस्वस्थता जितकी विषयातून आली आहे, तितकीच ती या तंत्रातूनही आली आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

तंत्र आणि प्रतिसाद : सैद्धांतिक भूमिका

चित्रपटतंत्राची प्राथमिक पुस्तके कॅमेऱ्याच्या प्रत्येक क्रियेला एकेक अर्थ जोडून देतात. खालच्या कोनातून घेतलेल्या दृश्यात माणूस भव्य व सामर्थ्यवान वाटतो, वरच्या कोनातून घेतलेल्या दृश्यात तो क्षुद्र वा असहाय दिसतो, समीपदृश्य म्हणजे क्लोज-अप मनातील भाव उघड करते, दूरदृश्य व्यक्तीला तिच्या परिसरात ठेवते, हलत्या कॅमेऱ्यातून अस्थैर्य सूचित होते. या सूत्रांत तथ्य आहे. परंतु ती शब्दकोशासारखी वापरली की समीक्षा यांत्रिक होते. एकाच तंत्राचा परिणाम संदर्भानुसार बदलतो. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांच्या सुप्रसिद्ध प्रयोगाने हेच दाखविले होते. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याबरोबर, कधी शवपेटीबरोबर जोडला गेला, तेव्हा प्रेक्षकांना त्यात कधी भूक, तर कधी दुःख दिसले. अर्थ एकट्या चौकटीत नसतो. आधी काय पाहिले आणि नंतर काय पाहावयास मिळाले, यांच्या संबंधातून तो निर्माण होतो.

याच विचाराची पुढची पायरी म्हणजे प्रेक्षकाच्या स्थानाचा विचार. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात चित्रपटातील तीन नजरा वेगळ्या केल्या : कॅमेऱ्याची नजर, प्रेक्षकाची नजर आणि पात्रांची परस्परांकडे पाहण्याची नजर. रूढ चित्रपट पहिल्या दोन नजरा लपवितो आणि प्रेक्षकाला पात्राच्या, बहुधा पुरुषपात्राच्या, नजरेत सामावून घेतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचा रोख स्त्रीच्या चित्रणाकडे होता. भारतीय संदर्भात मात्र नजरेचा विचार लिंगभावाबरोबर जातीच्या अंगानेही करणे अपरिहार्य ठरते. कोणी कोणाकडे पाहावे आणि कोणी मान खाली घालावी, याचे नियम येथील गावगाड्याने शतकानुशतके पाळले आहेत.

भारतीय काव्यशास्त्राने हाच प्रश्न वेगळ्या परिभाषेत मांडला. भट्टनायकांच्या साधारणीकरणाच्या सिद्धांतानुसार नाट्यातील भाव हे ‘माझे’ वा ‘परक्याचे’ या बंधनातून मुक्त होतात आणि म्हणूनच ते आस्वाद्य ठरतात. अभिनवगुप्तांनी रसास्वादाच्या मार्गातील सात विघ्ने सांगितली आहेत. प्रेक्षकाने आपल्या वा दुसऱ्याच्या विशिष्ट देशकालात अडकून पडणे हे त्यांपैकी एक होय. प्रेक्षक जोवर ‘हे माझ्यावर आले आहे’ अथवा ‘हे अमक्यावर आले आहे’ असे म्हणत राहतो, तोवर शोकाचा करुणरस होत नाही. मंजुळे यांचे चित्रपट या ठिकाणी महत्त्वाचे ठरतात. ज्याला अभिनवगुप्त विघ्न म्हणतात, ते हे चित्रपट शेवटच्या क्षणी हेतुपुरस्सर निर्माण करतात. कॅमेरा प्रेक्षकाला त्याच्या विशिष्ट देशात, काळात आणि विशिष्ट सामाजिक जागेवर परत आणून उभे करतो.

मराठी चित्रपटातील पूर्वपरंपरा

कॅमेऱ्याच्या साहाय्याने प्रेक्षकाची वृत्ती घडविण्याचा प्रयत्न मराठी चित्रपटकारांना नवा नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘कालिया मर्दन’ (१९१९) या मूकपटाच्या प्रारंभी आपली कन्या मंदाकिनी हिच्या मुद्राभिनयाची समीपदृश्ये दाखविली आणि त्यानंतर तिला बाळकृष्णाच्या भूमिकेत सादर केले. प्रेक्षक आधी एक मुलगी पाहतो, नंतर देव पाहतो. संस्कृत नाट्यातील पूर्वरंगाचे कार्य येथे कॅमेरा करतो. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये व्ही. शांताराम यांनी राजगुरूच्या डोळ्याचे पडदा व्यापणारे समीपदृश्य वापरले. धर्मसत्तेचा धाक एका अवयवात एकवटण्याची ती किमया त्या काळच्या प्रेक्षकाला दचकविणारी होती. शांताराम यांच्याच ‘कुंकू’ (१९३७) मध्ये कृत्रिम पार्श्वसंगीत टाळून केवळ नैसर्गिक ध्वनींवर भिस्त ठेवण्यात आली. जरठ-कुमारी विवाहाची कहाणी सांगताना प्रेक्षकाच्या भावनेला वाद्यांचा आधार न देण्याचा तो निर्णय होता.

ही तीन उदाहरणे एका गोष्टीची साक्ष देतात. मराठी चित्रपटाच्या आरंभकाळातील कर्त्यांना तंत्र ही सजावट वाटत नव्हती. तंत्र हीच त्यांची विधानपद्धती होती. पुढे बोलपट रुळल्यावर संवाद आणि नाट्यगुण यांचे वर्चस्व वाढले आणि बऱ्याच चित्रपटांत कॅमेऱ्याकडे नटांची हालचाल टिपणाऱ्या साधनाचे काम उरले. एकविसाव्या शतकात ‘श्वास’ (२००४) नंतर आलेल्या पिढीने दृश्यभाषेला पुन्हा महत्त्व दिले. मंजुळे यांचे काम या पुनरागमनाचा भाग आहे.

‘फँड्री’ : बघ्यांच्या रांगेतील प्रेक्षक

‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ डुक्कर असा आहे. जांबुवंत कचरू माने ऊर्फ जब्या हा शाळकरी मुलगा वर्गातील उच्चवर्णीय शालूवर मनोमन प्रेम करतो. काळी चिमणी मारून तिची राख शालूवर टाकली की ती आपल्या प्रेमात पडेल, या समजुतीने तो गलोल घेऊन मित्र पिऱ्यासोबत माळरानावर भटकतो. गावाच्या दृष्टीने मात्र त्याचे कुटुंब डुकरे पकडण्याच्या कामापुरतेच आहे.

चित्रपटाच्या पूर्वार्धात कॅमेरा जब्याच्या बाजूचा आहे. काळ्या चिमणीचा पाठलाग करताना तो जब्याबरोबर झुडपांतून सरकतो, थांबतो, श्वास रोखतो. शालू बहुतेक वेळा जब्याच्या नजरेतून, अंतरावरून दिसते. तिच्याशी त्याचे बोलणे होत नाही. त्यामुळे पाहणे हीच त्याची एकमेव कृती उरते. पाहणारा जब्या आणि पाहिली जाणारी शालू अशी ही रचना रूढ प्रेमपटासारखीच आहे आणि प्रेक्षकही त्याच सवयीने तिच्यात रमतो. जात विसरून पौगंडावस्थेतील प्रेमाची गोड गोष्ट पाहण्याची मुभा त्याला मिळते. शास्त्रीय भाषेत सांगावयाचे तर साधारणीकरण निर्वेध चालू असते.

डुक्कर पकडण्याच्या दीर्घ प्रसंगात ही रचना उलटते. शाळेच्या आसपास, सर्वांच्या डोळ्यांदेखत कचरू आपल्या कुटुंबासह डुकरामागे धावतो. गावकरी आणि विद्यार्थी खेळ पाहावा तसे जमतात, हसतात, शेरे मारतात. त्या बघ्यांत शालूही असते. आजवर पाहणारा जब्या आता पाहिला जाणारा ठरतो आणि त्या नजरेपासून लपण्यासाठी आडोसे शोधतो. या प्रसंगात कॅमेऱ्याची जागा सतत बदलते. कधी तो धावणाऱ्या कुटुंबाबरोबर झुडपांत असतो, तर कधी बघ्यांच्या बाजूने, लांबून, त्यांची धावपळ दाखवितो. लांबून पाहिलेली पळापळ विनोदी दिसते. पडलेला माणूस जवळून पाहिला तर त्याचा गुडघा फुटलेला दिसतो. दूरवरून त्याचे फक्त कोलमडणे दिसते. अंतराच्या या नियमाचा उपयोग करून दिग्दर्शक प्रेक्षागृहातही हशा पिकवितो. प्रेक्षक हसतो, तेव्हा तो नकळत गावातल्या बघ्यांच्या रांगेत जाऊन बसलेला असतो. कोणी त्याला तेथे ओढून नेलेले नसते; कॅमेऱ्याने केवळ ती जागा रिकामी ठेवलेली असते.

याच प्रसंगात दोन दृश्ये विशेष लक्षणीय आहेत. डुक्कर हाती येण्याच्या बेतात असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या आणि त्याचे वडील जागच्या जागी स्थिर उभे राहतात आणि डुक्कर निसटते. चित्रपट म्हणजे चलच्चित्र. येथे मात्र माणसे स्थिर आणि जनावर तेवढे चालते. गतीचे हे उलटे वाटप एकाही शब्दाशिवाय नागरिकत्वाविषयीचा प्रश्न विचारते. राष्ट्राचा नियम पाळण्याचे कर्तव्य या कुटुंबाला पूर्णपणे लागू होते, राष्ट्राने दिलेली प्रतिष्ठा मात्र त्याच्या वाट्याला येत नाही. दुसरे दृश्य पकडलेले डुक्कर काठीला बांधून वाहून नेण्याचे आहे. मागे शाळेची भिंत आणि तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे. पुढे डुकराचे ओझे खांद्यावर घेतलेले जब्याचे कुटुंब. अर्थ येथे चेहऱ्यावरील भावांतून दिलेला नाही. एकाच चौकटीतील मागची आणि पुढची पातळी यांच्या सान्निध्यातून तो उमटतो. हेच दृश्य तुकड्यांत विभागून, आधी चित्र, मग जब्याचा चेहरा, पुन्हा चित्र असे दाखविले असते, तर ते भाषण झाले असते. अखंड चौकटीमुळे विसंगती शोधण्याचे काम प्रेक्षकाकडे राहते. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी खोल व अखंड दृश्याच्या बाजूने केलेला युक्तिवाद नेमका हाच होता.

अखेरच्या दृश्यात सतत डिवचल्या गेलेल्या जब्याचा संयम सुटतो. तो दगड उचलतो आणि भिरकावतो. दगड थेट भिंगाच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. रूढ संकलनात यानंतर दगड लागलेल्या माणसाचे दृश्य आले असते. प्रेक्षकाला न्याय झाल्याचे समाधान मिळाले असते आणि दगड कोणाला लागला, हेही निश्चित झाले असते. मंजुळे हे प्रतिदृश्य देत नाहीत. दगड ज्या जागी येतो, ती टवाळखोराची जागा आहे. परंतु कॅमेरा तेथे असल्यामुळे ती प्रेक्षकाचीही जागा आहे. अर्ध्या तासापूर्वी ज्या अंतरावरून प्रेक्षक हसला, तेच अंतर आता दगडाने कापले जाते. या शेवटाचे सामर्थ्य दगडाच्या प्रतीकात जितके आहे, त्याहून अधिक ते पूर्वतयारीत आहे. प्रेक्षकाला आधी बघ्यांत बसविले नसते, तर हा दगड एक चमत्कृती ठरला असता.

‘सैराट’ : सुखाची सवय आणि आवाजाची माघार

‘सैराट’ची पद्धत याहून वेगळी, किंबहुना अधिक धोक्याची आहे. येथे प्रेक्षकाला प्रदीर्घ काळ सुखात ठेवले जाते. पाटलाची मुलगी आर्ची आणि मच्छीमार कुटुंबातील परश्या यांच्या प्रेमाचा गावातील भाग मंदगती दृश्ये, विस्तीर्ण निसर्गचौकटी, मावळतीचा प्रकाश आणि अजय-अतुल यांचे संगीत यांनी भारलेला आहे. या संगीताचा काही भाग लॉस एंजेलिस येथे पाश्चात्त्य वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झाला. चित्रपटाची चारही गाजलेली गीते गावातील भागातच येतात. करमाळ्याच्या दुष्काळी मातीला हिंदी प्रेमपटांनी परदेशी बागांना दिलेले वैभव येथे प्रथमच लाभले. सोलापूर जिल्ह्यातील प्रेक्षकाला आपलाच परिसर इतका देखणा दिसणे, हा स्वतंत्र आनंदाचा विषय होता.

तथापि हा भाग निव्वळ अनुकरण नाही. रूढ प्रेमपटात पाहण्याचा अधिकार नायकाकडे असतो. ‘सैराट’मध्ये आर्चीही पाहते, रोखून पाहते, आणि परश्या लाजतो. बुलेट आणि ट्रॅक्टर चालविणाऱ्या आर्चीच्या दृश्यांत कॅमेरा तिला शोभेची वस्तू न करता गती देतो. मल्व्ही यांनी सांगितलेली नजरेची रूढ विभागणी येथे काही अंशी उलटी होते. मात्र आर्चीचा हा निर्भयपणा तिच्या घराण्याच्या सत्तेतूनही आलेला आहे, याचे भान चित्रपट ठेवतो. तिची नजर मोकळी आहे, कारण गावात तिच्याकडे डोळे वर करून पाहण्याची कोणाची प्राज्ञा नाही. प्रेम आणि सत्ता यांची ही सरमिसळ प्रेक्षकाच्या लक्षात येण्यापूर्वीच संगीत त्याला पुढे घेऊन जाते.

पळून गेल्यानंतरच्या हैदराबादच्या भागात दृश्यभाषा बदलते. विस्तीर्ण चौकटींची जागा झोपडपट्टीतील अरुंद खोली घेते. गाणी थांबतात. स्वयंपाक, पाणी, पैसा, संशय, भांडण यांचा तपशील वाढतो. अनेक प्रेक्षकांना हा भाग संथ वाटला. हे संथपण म्हणजे पटकथेतील दोष नव्हे. पूर्वार्धाने लावलेली सवय मोडण्याची ती प्रक्रिया आहे. पूर्वार्धात काळ मंदगती दृश्यांमुळे लांबला होता, येथे तो कष्टांमुळे लांबतो. एक लांबी स्वप्नाची, दुसरी संसाराची.

शेवटच्या प्रसंगात आर्चीचा भाऊ माहेरच्या भेटवस्तू घेऊन येतो. ती चहा करते. लहान मुलगा शेजारणीबरोबर बाहेर गेलेला असतो. हत्या पडद्यावर दाखविलेलीच नाही; ती मुलाच्या आणि प्रेक्षकाच्या अनुपस्थितीत घडते. शेजारीण मुलाला दारापर्यंत आणून सोडते, मूल आत जाते आणि चित्रपटाचा आवाज नाहीसा होतो. मूल रडते, पण ऐकू येत नाही. ते वळून बाहेर चालू लागते, तेव्हा मागे रक्ताने माखलेली इवली पावले उमटत जातात.

या दृश्याचे विश्लेषण तीन अंगांनी करता येते. पहिले अंग अनुपस्थितीचे. हिंसा प्रत्यक्ष दाखविली असती तर तिच्या दर्शनात भीतीबरोबर एक प्रकारची उत्तेजनाही आली असती, मारेकऱ्यांवर राग काढण्याची सोय झाली असती. येथे प्रेक्षक उशिरा पोहोचतो. त्याला फक्त परिणाम दिसतो. दुसरे अंग ध्वनीचे. अडीच तासांहून अधिक काळ प्रत्येक भावनेची खूण संगीताने पटविली, आनंद कोठे मानायचा आणि हुरहुर कोठे वाटून घ्यायची हे सांगितले. सर्वांत मोठ्या दुःखाच्या क्षणी हा मार्गदर्शक निघून जातो. शोकाला वाट करून देणारा सूरच नसल्यामुळे प्रेक्षागृहातील शांतता चित्रपटाच्या शांततेत मिसळते. आपलाच श्वास, शेजाऱ्याचा हुंदका ऐकू येऊ लागतो. ‘कुंकू’ने संपूर्ण चित्रपटभर पाळलेला संयम ‘सैराट’ एका दृश्यात एकवटतो आणि आधीच्या समृद्ध संगीतामुळे त्याचा परिणाम अनेक पटींनी वाढतो. तिसरे अंग ज्ञानाचे. मुलाला काय घडले ते समजत नाही, प्रेक्षकाला समजते. पडद्यावर ते जाणणारे मोठे माणूस कोणीच नाही. जाणण्याची जबाबदारी एकट्या प्रेक्षकावर येऊन पडते.

तुलना आणि आक्षेप

तंत्रातील फरकाने प्रतिसाद कसा बदलतो, हे पडताळून पाहण्यासाठी ‘सैराट’वर आधारित ‘धडक’ (२०१८) या हिंदी चित्रपटाकडे पाहता येते. तेथे कथानकाचा सांगाडा बराचसा तोच आहे. परंतु शेवटी नायक आणि मूल नायिकेच्या डोळ्यांदेखत वरून खाली कोसळतात. आघात प्रत्यक्ष दिसतो आणि तो पाहणारी, त्यावर आक्रोश करणारी नायिका पडद्यावर हजर असते. प्रेक्षकाच्या वतीने शोक करणारे पात्र मिळाल्यामुळे प्रेक्षक मोकळा होतो. तो हादरतो, हे खरे. पण त्याच्यावर काही शिल्लक राहत नाही. गोष्ट जवळपास तीच असूनही साक्षीदाराची जागा बदलली आणि प्रतिसादाची जात बदलली.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाचा मार्ग आणखी निराळा आहे. मृणाल देसाई यांचा कॅमेरा तेथे बहुधा दूर आणि स्थिर राहतो, दृश्य संपले तरी लगेच हटत नाही. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावरील खटल्याकडे प्रेक्षक प्रारंभापासून त्रयस्थपणे पाहतो आणि व्यवस्थेची थंड क्रूरता त्या त्रयस्थतेतूनच जाणवते. ‘कोर्ट’ प्रेक्षकाला सुखाची जागा देतच नाही. मंजुळे ती देऊन काढून घेतात. पहिल्या पद्धतीत बौद्धिक प्रामाणिकपणा अधिक, दुसरीत पोहोच अधिक, असे सर्वसाधारणपणे म्हणता येईल.

या पोहोचीवरच एक गंभीर आक्षेप घेता येतो. ‘सैराट’च्या गाण्यावर प्रेक्षक चित्रपटगृहांत नाचले, पुढे तीच गाणी वराती-मिरवणुकांत वाजू लागली. शेवट विसरला गेला आणि झिंग तेवढी उरली, असे असेल तर सुखाची जागा काढून घेण्याचे तंत्र फसले, असेच म्हणावे लागेल. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. गाणे चित्रपटातून सुटे करता येते, शेवटची शांतता सुटी करता येत नाही. बाजार जे सुटे होते तेच उचलतो. तंत्र प्रतिसादाची शक्यता निर्माण करते, त्याची हमी देत नाही. स्टुअर्ट हॉल यांनी माध्यमातील संदेशाच्या स्वीकाराचे वर्चस्वानुकूल, वाटाघाटीचे आणि विरोधी असे तीन प्रकार सांगितले, ते येथे लागू पडतात.

दुसरा मुद्दा अधिक मूलगामी आहे. आतापर्यंतच्या विवेचनात ‘प्रेक्षक’ हा शब्द एकवचनी वापरला. प्रत्यक्षात प्रेक्षागृहात एकच प्रेक्षक नसतो. डुकराच्या पाठलागात ज्याला हसू येते, तो बघ्यांच्या जागी आहे. ज्याने स्वतः वा ज्याच्या वडिलांनी असे काम केले आहे, त्याला त्याच दृश्यात हसू येईलच असे नाही. कॅमेरा लांब गेला तरी तो मनाने जवळच राहील. अखेरचा दगड पहिल्याला आपल्या कपाळावर येताना दिसेल. दुसऱ्याला तो आपल्याच हातातून सुटल्यासारखा वाटेल. बेल हूक्स यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संदर्भात ‘विरोधी नजर’ या संकल्पनेची मांडणी केली, तिच्याशी याचे नाते आहे. साधारणीकरण प्रेक्षकांना एक करते. ‘फँड्री’चा शेवट त्यांना विभागतो आणि आपण कोणत्या बाजूला आहोत हे ज्याचे त्याला ठरवावयास लावतो.

येथे मराठीतील दलित सौंदर्यशास्त्राची चर्चा उपयुक्त ठरते. सोलापूर जिल्ह्यातीलच हन्नूर येथे जन्मलेले शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात आनंद हे साहित्याचे सार्वत्रिक प्रयोजन मानण्यास विरोध केला आणि वाचकाला अस्वस्थ करणे हे मूल्य म्हणून मांडले. साहित्यात हे कार्य प्रामुख्याने अनुभवाच्या आणि भाषेच्या रोखठोकपणाने झाले. चित्रपटात तेच कार्य कॅमेऱ्याच्या जागेने होऊ शकते, हे मंजुळे यांनी सिद्ध केले. या अर्थाने त्यांचे चित्रपट दलित आत्मकथनांच्या परंपरेचे दृश्यमाध्यमातील विस्तार आहेत. मात्र एका फरकासह. आत्मकथन वाचकाला ‘माझे ऐक’ असे सांगते. हे चित्रपट प्रेक्षकाला विचारतात, ‘तू कोठून पाहात होतास?’

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. कॅमेऱ्याचे कोणतेही तंत्र स्वतंत्रपणे ठराविक भावना निर्माण करीत नाही. ते प्रेक्षकाला दृश्यात एक जागा देते आणि त्या जागेवरून प्रतिसाद ठरतो. ‘फँड्री’मध्ये ही जागा प्रामुख्याने अंतराने व कोनाने, तर ‘सैराट’मध्ये गती, संगीत आणि अखेर शांतता यांनी घडविली आहे. दोन्ही चित्रपटांचे शेवट परिणामकारक ठरतात ते आधीच्या सुखाच्या जागेमुळे. म्हणून पूर्वार्ध ‘व्यावसायिक’ आणि उत्तरार्ध ‘कलात्मक’ अशी विभागणी करणारी समीक्षा अपुरी ठरते. तसेच प्रतिसादाचा विचार प्रेक्षकाच्या सामाजिक स्थानाला वगळून करता येत नाही.

या चित्रपटांचे वर्णन वारंवार ‘हृदयस्पर्शी’ या शब्दाने केले जाते. हा शब्द गौरवाचा असला तरी सोयीचाही आहे. हृदयाला स्पर्श झाला की प्रकरण संपते. डोळ्यांत पाणी आले की आपली बाजू निर्दोष ठरते. दगड आणि रक्ताची पावले या दोन्ही प्रतिमा नेमकी हीच सोय नाकारतात. वर्गात चित्रपट शिकविताना कथासार आणि सामाजिक आशय यांवर न थांबता एकेक प्रसंग पुन्हा पाहणे, कधी आवाज बंद करून पाहणे आणि प्रत्येक दृश्यात कॅमेरा कोणाच्या शेजारी उभा आहे याची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेणे, हा त्यावरील साधा उपाय आहे. त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. ज्या गावांतून या चित्रपटांतील माणसे आली, त्याच गावांतून वर्गातील विद्यार्थीही येतात. डुकराच्या पाठलागाचे दृश्य पाहताना वर्गातील कोण हसले आणि कोण हसले नाही, हे शिक्षकाला त्या वेळी दिसते. चित्रपटाच्या अध्यापनाची सुरुवात तेथूनच व्हावयास हवी.